मोठी बहीण सुखी आहे

चार दिवस माहेरी राहून दिपमाला धुळ्याहून नरडाण्याला, सासरी परत निघाली होती. एसटीत तिच्या पुढच्या सीटवर रूही आणि प्राची या नववीतल्या मैत्रिणी धड्यातल्या दोन बहिणींची तुलना लिहीत होत्या.

"लिही, प्राची. धाकटी भांडखोर आहे, मोठी सासरी सुखी आहे."

"सुखी कशावरून? मॅडम पुरावा मागतात."

"तीच आईला सांगते ना, 'मला काय कमी आहे?'"

"पण सांगताना डोळे पुसते."

"धूर गेला असेल गं. चुलीपाशीच बसलीय."

"वरची ओळ वाच. 'चूल केव्हाच विझली होती.'"

"अय्या, हो की! मग आईला कळलं नाही?"

"कळलं असणार. म्हणून तर तिनं पुढं काही विचारलं नाही."

"असं कसं? आई ना ती?"

"तुलना बहिणींची आहे, आईची नाही. मी 'सुखी' खोडते."

दिपमालानं फोन काढून आईला लावला.

"जागा भेटनी का, पोरी?"

"भेटनी. माय, मी चार दिन ऱ्हायनू, तू माले काहीच इचारं नही."



"काय इचारू वं पोरी," आई म्हणाली, "माले समदं माहीत शे."