महारुद्र काकांचे तीन फ्यूज

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या सरपंच माननीय मोनिकाताई. वीज कार्यालयातून वेळ काढून आलेले अभियंता माननीय युवराज साहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे कामं टाकून शाळेच्या या हॉलमध्ये जमलो, ते आपले निवृत्त होणारे वायरमन, सत्कारमूर्ती महारुद्र काका. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या मथुराकाकू. पुढच्या रांगेतल्या शरणम्मा आजी आणि जमलेले माझे सर्व गावकरी, आपणा सर्वांना नमस्कार करतो.

मला पाच मिनिटं बोला म्हणून सांगितलंय. आता मलाच का सांगितलं, यावर मी कालपासून विचार करतोय. काकांना ओळखणारी माणसं या हॉलमध्ये कमी आहेत का? मग रणधीरच का? मोनिकाताई म्हणाल्या, तुम्ही कंपनीत आहात, तुम्हाला बोलायची सवय आहे. कारण पटण्यासारखं आहे, म्हणून तर मला जास्त शंका आली.

अध्यक्ष महोदया, मी संशयी माणूस आहे आणि आजवर ते मोठ्या तोऱ्यानं सांगत आलो. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन गावी आलो तो परत गेलोच नाही. त्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर पहिल्या दिवसापासून चिकटपट्टी आहे. घरात शेळीच्या औषधाचा विषय निघाला की मी मोबाईल उचलून ओसरीवर ठेवतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याच औषधाची जाहिरात येते. दोन देशांचे पुढारी टीव्हीवर हात मिळवायला लागले की मी त्यांच्या हाताकडं बघत नाही, मागं फाईल घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडं बघतो. समुद्राखालची केबल जहाजाच्या नांगरानं तुटली म्हणे. नांगराला एवढ्या मोठ्या समुद्रात नेमकी केबलच सापडते का? चौकातल्या आपल्या श्रीमंतभाऊंच्या हॉटेलात माझी ही भाषणं इथल्या निम्म्या मंडळींनी चहा थंड करून ऐकलीत. मागं हसताय ते दिसतंय मला. कुणीतरी मोबाईलवर शूटिंगही करतंय. करा, पण ते कुठं पाठवणार आहात तेवढं सांगून ठेवा.

तर तीन वर्षांपूर्वी आपल्याकडं नवे मीटर आले. मी लगेच घरोघर जाऊन सांगितलं की हा मीटर नुसती वीज मोजत नाही. तुमच्याकडं मिक्सर कधी फिरतो, पाहुणे कधी आले, घर कधी बंद आहे, सगळं दूर कुठल्या तरी देशात बसलेल्या माणसाला कळतं. युवराज साहेब, ही शंका मला आजही आहे, आपण नंतर बोलू. पण त्या दिवशी चाळीस घरांनी मीटर बसवू दिले नाहीत आणि महारुद्र काका मीटरची खोकी मोटारसायकलला बांधून होती तशी परत घेऊन गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. माणूस काही बोलत नाही म्हणजे मनात काहीतरी शिजतंय, असा माझा त्या वेळचा सिद्धांत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी युरोपातल्या गिऱ्हाइकाबरोबर माझी मीटिंग होती. त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. दोन महिन्यांचं काम मी दाखवायला लागलो आणि लाइट गेली. इन्व्हर्टर आधीच उतरलेला. मी बाहेर आलो, तर काकांची मोटारसायकल हॉटेलासमोर उभी. माझ्या डोक्यानं एका क्षणात सगळं जुळवलं. मीटरचा राग काढला, माझी मीटिंग बघून लाइन बंद केली आणि आता आत बसून चहा पितोय.

काका, मान हलवू नका. मला बोलू द्या.

इथं जमलेल्या लहानांसाठी सांगतो. वायरमन खांबावर चढतो तेव्हा आधी डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतले, तीन फ्यूज काढतो, चिनीमातीचे ते पांढरे ठोकळे. काका ते डीपीवर कधीच ठेवत नसत. आपल्या बॅगेत घालून, बॅग खांद्याला लावून वर चढत. कुणी घाईनं परत बसवले तर? त्यांचा कुणावर विश्वास नव्हता, आणि मी स्वतःला गावातला एकटा संशयी समजत होतो.

मी डीपीपाशी गेलो. दार नेहमीसारखं उघडंच. आत फ्यूज नव्हते. आपल्याकडं फ्यूज नसला तर लोक काय करतात, ते या हॉलमध्ये सांगायची गरज नाही. तार अडकवतात. माझ्या घरी तार कुठली? इंटरनेटच्या केबलचा तुकडा होता. घरी जाऊन त्यातल्या तांब्याच्या तारा पिळून मी घेऊन आलो. रबरी चप्पल, हातात पक्कड आणि डोक्यात राग. मी अडकवली.

मोठा आवाज झाला. डोळ्यांपुढं पांढरं झालं, दोन बोटं भाजली आणि मी पळालो. होय, पळालो. लॅपटॉपचा चार्जर फुटला म्हणून घरी सांगितलं.

संध्याकाळी कळलं की काका हॉटेलात नव्हतेच. मागच्या गल्लीत शरणम्मा आजींच्या पत्र्यावर तार लोंबत होती, ती ओढायला ते खांबावर चढले होते. आणि आजी, तुम्ही खाली त्यांची शिडी धरून उभ्या होता.

आज तुम्ही दोघं या हॉलमध्ये बसला आहात, ते माझ्यामुळं नाही. फ्यूज बॅगेत असूनसुद्धा काकांनी वर गेल्यावर तारांवर साखळी टाकली होती. साखळीचं दुसरं टोक जमिनीत गाडलेलं असतं. चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते आणि फ्यूजच्या जागी जे काही असेल ते जळतं. माझी तार जळली. नुसत्या साखळीमुळं दोन माणसं वाचली.

युवराज साहेब, हे ऐकून तुम्हाला कागद काढावा लागणार असेल तर काढा. मी सही करीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. मला वाटलं, संपलं आता सगळं. त्यांनी माझ्या बोटांची पट्टी बघितली. मी चार्जरचं सांगितलं. त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "माज्या बॅगेला भोक पडलंय. आता लाइन बंद केली की फ्यूज तुमच्यापाशी ठेवत जातो. मी खाली उतरूस्तोवर संभाळा."

मी बॅग नीट बघितली. भोक नव्हतं. मग मात्र माझं डोकं थांबेना. हा माणूस मला यात का गुंतवतोय? उद्या लाइट आली नाही तर लोक माझ्या दारात यावेत म्हणून? मीटरला मी हो म्हणावं म्हणून? तीन वर्षांत मी एकामागून एक कारणं शोधली आणि प्रत्येक वेळी ते तीन ठोकळे लॅपटॉपशेजारी ठेवून काका येईपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही. एकदा कॅमेरा चालू करावाच लागला, तेव्हा आमच्या साहेबांनी विचारलं, हे पांढरं काय आहे? मी म्हणालो, सुरक्षेचं सामान आहे. तेवढं मात्र मी खरं बोललो.

आज सकाळी काकांना आणायला त्यांच्या घरी गेलो. मथुराकाकू कार्यालयाला परत द्यायचं सामान काढून ठेवत होत्या. टेस्टर, पक्कड, हातमोजे, ती साखळी. एका हातमोज्यात काहीतरी निघालं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. तांब्याच्या पिळलेल्या तारा, एका टोकाला वितळलेलं निळं-पांढरं प्लास्टिक. गावात ही केबल फक्त माझ्या घरी आहे.

काकू म्हणाल्या, "हे तुमचं हाय म्हणं. ते म्हणले होते, तुम्ही मागितलं तर द्यायचं, न्हाय तर राहू द्यायचं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. ज्या हातानं घात केला त्याच हातात तीन वर्षं ते आपला जीव ठेवून खांबावर चढत राहिले. जगात कोण कुणाला का फसवतंय, हे मी शोधत बसलो. माझ्यावर कुणी विश्वास का टाकतंय, हे एवढं सोपं मला ओळखता आलं नाही. मला लाज वाटते, काका, सगळ्यांसमोर सांगतो.

बोलायला दिल्याबद्दल मी अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मान द्यायचा राहिला असेल, तर सभेनं ते पोटात घालावं. त्या दुपारचं पोटात घालायचं की नाही, ते मात्र काकांनी आणि शरणम्मा आजींनी ठरवायचं. मी घाई करणार नाही.

शेवटचं एक. काकांच्या जागी राजेश्वरीताई सोमवारी रुजू होतायत, त्या दाराजवळ उभ्या आहेत. ताई, गेल्या गुरुवारी काकांनी माझ्याकडचे फ्यूज शेवटचे नेऊन बसवले, तेव्हापासून माझं टेबल रिकामं आहे. तुम्ही खांबावर चढाल तेव्हा फ्यूज माझ्याकडं ठेवायचे की नाही, हे नीट विचार करून ठरवा. आणि ठेवलेत, तरी वर गेल्यावर साखळी टाकल्याशिवाय तारेला हात लावू नका.