फळीवरचं ताट

कोलारच्या सोन्याच्या खाणी बंद पडून कैक वर्षं लोटली होती. दवाखान्याच्या बाकावर सेल्वमेरीच्या शेजारी एक म्हातारी आणि तिची नवी सून बसली होती.

"आत्या, काल माझ्या हातून फळीवरचं ताट पडलं, तर तुम्ही अनवाणी कुठं पळालात?"

"खाणीकडे. म्हणून सांगते, भांडी जमिनीवर मांड. खाली खाणीत दगड फुटून कोसळला की वर घर हादरायचं, फळी रिकामी व्हायची. आम्ही बायका होतो तशा धावायचो."

"मग खाणीच्या डोक्यावर घरं बांधलीत कशाला?"

"आम्ही कुठली बांधतोय! गोऱ्या साहेबांनी गाव वसवलं. टेकडीवर त्यांचे बंगले, क्लब. आपल्या बापजाद्यांना इथं तट्ट्यांच्या झोपड्या."

"म्हणजे साहेबांच्या बशा शाबूत!"

"एकही फुटली नाही गं."

"पण आत्या, आता खाणीत नुसतं पाणी भरलंय. खाली कोण आहे, धावायला?"

"तुझे सासरे. त्यांच्यावर दगड कोसळला तो कुणी उपसलाच नाही. बोगद्याचं तोंड बुजवलं आणि मोकळे झाले."

सेल्वमेरीने बाकावरचा आपला स्टीलचा डबा उचलला आणि आवाज न करता जमिनीवर ठेवला.