पाणी गोड लागतंय!

...आणि वर मलाच विचारतात, "आम्रपाली, अगं तू बोलत का नाहीस?" म्हणजे कमाल झाली! घरी, शाळेत, दादाच्या कंपनीत... जो तो येतो, शेजारी बसतो, इकडं तिकडं बघतो आणि पोटातलं सगळं माझ्यापुढं ओतून जातो. का? तर ही बोलत नाही! आणि ओतून झालं की उठताना डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, तू बोलत का नाहीस! माझं म्हणजे सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यासारखं झालंय. येतात, झाकण उघडतात, टाकतात, जातात. डब्याला कुणी विचारतं का, बाबा रे, तुझं काय?

जाऊ दे. मी काही बोलले नाही.

तर तुम्हाला सांगते, सगळं सुरू झालं आईच्या आवळासुपारीपासून. आवळासुपारी माहितीय ना? आवळे उकडायचे, पाकळ्या सुट्या करायच्या, मीठ, काळं मीठ, ओवा, आल्याचा रस लावायचा आणि गच्चीवर जुन्या साडीवर पसरून द्यायच्या. आठ दिवसांत काळ्या कुळकुळीत, वाळून एवढ्याएवढ्याशा. आणि ते आठ दिवस राखण कोण करतं? मी! कावळे कोण हाकलतं? मी! आमची गच्ची निगडीत, चौथ्या मजल्यावर, कावळे काय थोडे असतात? पण आधी बरं होतं हो, आधी दादा पण बसायचा. पुस्तक डोक्यावर धरून आम्ही दोघं कावळ्यांना नावं ठेवायचो. "तो बघ अमू, तो मॅनेजर. नुसता फेऱ्या मारतो, उचलत काही नाही." "आणि तो?" "तो इंटर्न. उचलतो तो, खातो मॅनेजर." मी इतकी हसायची की कावळे मला घाबरून उडायचे.

दादा म्हणजे बुद्धरत्न, माझा मोठा भाऊ. इंजिनीअर झाला आणि तळवड्याच्या आयटी पार्कात एका छोट्या कंपनीत लागला. छोटी म्हणजे अकरा माणसं आणि एक बीनबॅग. चाकणला माल उतरवून जे ट्रक रिकामे परत जातात, त्यांना परतीचा माल मिळवून देणारं ॲप बनवतात. चांगलं काम आहे, नाही असं नाही. दादाला बसमध्ये मळमळतं, म्हणून आई त्याच्या खिशात आवळासुपारीची छोटी पत्र्याची डबी टाकायची. बास. एवढीच त्या डबीची गोष्ट होती. मळमळ!

आता आमचे पप्पा. पप्पा चाकणच्या कारखान्यात, सव्वीस वर्षं. तिथं गेटवरच मशीन असतं, त्यात फुंकायचं. दारूच्या वासानं मशीन ओरडलं की घरी. पप्पांचे मित्र सोपानकाका धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला गेले, फुंकले, मशीन असं काही किंचाळलं की तीन दिवस घरी! तेव्हापासून काका खोकल्याचं औषधसुद्धा घेत नाहीत. खोकत बसतात, पण घेत नाहीत. आणि आम्ही रविवारी विहारात पंचशील म्हणतो, त्यातलं पाचवं नशेचं, तिथं आले की पप्पांचा आवाज एकदम चढतो. सगळा विहार वळून बघतो.

म्हणून दादा कंपनीत लागल्यावर पप्पांनी पहिलं काय विचारलं? "काय रे, तुमच्याकडं गेटवर फुंकायला लावतात का?"

दादा म्हणाला, "नाही पप्पा. आमच्याकडं... वेगळं असतं."

वेगळं म्हणजे किती वेगळं! पप्पांकडं घेतलेली कळली तर घरी पाठवतात, आणि दादाकडं नाही घेतली तर घरी जायची वेळ!

कारण शेखर सर. दादाचे मालक. मालक म्हणायचं नाही बरं का, "फाउंडर" म्हणायचं. दोन वर्षं परदेशात राहून आलेत, तेव्हापासून बुधवारी दुपारी जेवण झालं की सगळ्यांना गोल बसवतात, एक चपटी डबी काढतात, आत जेलीच्या गोळ्या. कसल्या ते तुम्ही समजून घ्या, शाळेत व्यसनमुक्तीच्या तक्त्यावर ज्यांची चित्रं असतात त्यातल्याच. पण सरांचं बोलणं ऐका! "गाइज, दारू पिऊन माणूस झोपतो. हे घेऊन माणूस स्केल होतो. तिकडं सगळे मोठे लोक घेतात. काम करायला हात लागतात, जिंकायला माइंड ओपन लागतं!" आता आमच्या पप्पांचं माइंड बंदच म्हणायचं का? सव्वीस वर्षं बंद माइंडनं गाड्यांचे ब्रेक बसवतायत, आणि त्या ब्रेकच्या गाडीतून सर ऑफिसला येतात!

पण मी काही बोलले नाही. मला कोण विचारतंय?

गणराज नावाचा एक मुलगा होता तिथं. लातूरकडचा, पहिलीच नोकरी, खोलीवर एकटा राहायचा. सगळे हसतील म्हणून त्यानं घेतली. आणि तीन तास टेबलाखाली बसला, टेबलाचा पाय धरून. "माय, मला उतरव... माय, मला खाली उतरव..." जमिनीवर बसलेला मुलगा म्हणत होता, मला खाली उतरव! आधी सगळे हसले म्हणे. मग हसायचे थांबले. मग आपापल्या खुर्चीवर जाऊन काम करायला लागले. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या खुर्चीवर नवा माणूस. सर म्हणाले, "ही वॉज नॉट रेडी फॉर ग्रोथ." हे दादानं मला गच्चीवर सांगितलं. साडीवरची एक पाकळी उचलून नुसती बोटांत फिरवत होता. "नव्या माणसांना एकेक करून घ्यायला लावतात. पुढच्या बुधवारी माझी पाळी आहे अमू. कुणाला सांगू नकोस."

मी काही बोलले नाही.

आला बुधवार. डबी फिरत फिरत दादापुढं आली. सगळे बघतायत. घ्यावी तर टेबलाचा पाय दिसतोय, नको म्हणावं तर नोकरी जातेय... आणि याचा हात गेला खिशात! मळमळीची डबी! "सर, माझी... माझी वेगळी आहे."

सरांनी त्या काळ्या काळ्या तुकड्यांकडं असं बघितलं... "सोर्स?"

"गावाकडून, सर."

"ऑरगॅनिक?"

"उन्हात वाळवलेलं."

"नाव काय याचं?"

"नाव... सांगत नाहीत ते लोक."

ते लोक म्हणजे आई! घरी स्वयंपाकघरात पाय पसरून लसूण सोलत बसलेली माझी आई, ते लोक!

सरांनी एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. चघळतायत... चघळतायत... कुणी हलेना. मग बाटली उघडून घोटभर पाणी प्यायले आणि तुम्हाला सांगते, ताडकन उभेच राहिले! "गाइज! पाणी... पाणी गोड लागतंय!"

आता मला सांगा! आवळा खाऊन पाणी प्यायलं की ते गोड लागतं, हे बालवाडीतल्या पोराला माहिती नाही? पण तिथं एक शब्द कुणी काढेल तर शपथ! उलट सगळ्यांनी एकेक उचलली. नेहाताई म्हणून एक आहे, ती म्हणाली, "मला माझाच श्वास ऐकू येतोय!" दुसरा एक दाढीवाला म्हणाला, "भिंत जवळ येतेय, भावा!" भिंत कशाला येईल? तिला काही काम नाही?

आणि नेमकं त्याच दुपारी ॲप बंद पडलं. चाकणच्या चौकात ट्रकच ट्रक, ड्रायव्हरांचे फोनवर फोन. एरवी बुधवारी दुपारी निम्मे लोक छताकडं बघत असायचे, पण त्या दिवशी सगळे शुद्धीत! दादानं चूक शोधली, सहाच्या आत ॲप चालू. आणि सर काय म्हणाले? "याला म्हणतात राइट डोस!" पुढच्या महिन्यात दादा टीम लीड.

झालं! सरांची चपटी डबी गेली कपाटात, आईची डबी आली गोलात. आईला वाटतं पोराच्या मित्रांना आवडली, तिनं आठ किलो आवळे आणले. पप्पा कारखान्यात सांगत सुटले, "आमच्या मंडळींच्या हातची सुपारी आयटीवाले खातात राव!" आणि गच्चीवर राखायला कोण? मी. एकटी. कारण दादाला आता मीटिंगा. आधी आला की म्हणायचा, "अमू, काय चाललंय?" आता आला की, "अमू, डबा?" बघा, एकच शब्द बदलला. पण मला त्या एका शब्दानं संध्याकाळभर काही सुचायचं नाही हो.

पण मी काही बोलले नाही. सुपारी भरून दिली.

मग एक दिवस आला, गच्चीच्या पायरीवर मटकन बसला. सर बंगळूरला नवीन ऑफिस उघडतायत, तिथं दादाला पाठवतायत, मोठा पगार, मोठं पद. "आणि तुझा सोर्स तेवढा चालू ठेव, ब्रो." दादा म्हणाला, "मला नाही जायचं अमू. मला इथंच बरं वाटतं. पण नको म्हणलो तर विचारतील का, आणि मग सगळंच बाहेर येईल. कामामुळं मिळालं की आवळ्यामुळं मिळालं, माझं मलाच कळेना बघ." म्हणजे बघा, एक वाक्य. चार शब्दांचं. सर, ती आवळासुपारी आहे. एवढं कुणी बोललं की बंगळूर रद्द, दादा इथंच! पण बोलणार कोण?

जानेवारीत कंपनीचा फॅमिली डे झाला. आई, पप्पा, मी, तिघं नटून गेलो. मी कोपऱ्यात खुर्ची धरली. आली नेहाताई. इकडं तिकडं बघितलं. "तू बोलत नाहीस ना, म्हणून सांगते. ती आवळासुपारी आहे ना गं? आमच्या साताऱ्याला घरोघरी करतात. त्या गोळ्यांपेक्षा बरी, गणराजचं बघितल्यापासून मला झोप नव्हती. पण कुणाला बोलू नकोस हं, मला एकटीलाच कळलंय." ती गेली, दाढीवाला आला. "आवळा आहे ना? मला एकट्यालाच माहितीय. बोलू नकोस." तो गेला, तिसरी आली. आइस्क्रीम येईपर्यंत आठ जण! आठ जण, आणि प्रत्येकाला वाटतं, मला एकट्यालाच! प्रत्येक जण तीन महिने एकेकटा नाटक करतोय, शेजारच्याला खरंच चढलीय असं समजून!

आणि शेवटी कोण आलं असेल? शेखर सर. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, बुटांकडं बघत. "माझी आई करायची. निगडीतच, गच्चीवर वाळवून. ती गेल्यापासून खाल्ली नव्हती. त्या जेलीच्या गोळ्यांची मलाच फार भीती वाटते, बेटा. पण मी घाबरतो हे कळलं तर माझ्याकडं काम कोण करेल, पैसे कोण लावेल?" मग हळूच म्हणाले, "एखादी आहे का गं जवळ?"

मी दिली. त्यांनी वरून पाणी प्यायलं. यावेळी ओरडले नाहीत.

आणि तोच माणूस पाच मिनिटांनी स्टेजवर, हातात माइक! "नाऊ, आपल्या बुद्धरत्नची लाडकी बहीण दोन शब्द बोलेल!" ढकलत ढकलत नेलं मला. समोर सगळे. पहिल्या रांगेत दादा. त्याच्या बॅगा निम्म्या भरून झाल्यात. मी म्हटलं, आम्रपाली, आयुष्यात एकदा बोल. आत्ता बोल.

आणि मी बोलले! माइकवर! "सर, ती आवळासुपारी आहे."

मी दादाकडं बघतेय, दादा माझ्याकडं. आणि मग सरांनी टाळी वाजवली. "व्हॉट अ सेन्स ऑफ ह्यूमर!" आणि हसले हो सगळे! ज्यांनी ज्यांनी कानात सांगितलं होतं, ते सगळ्यात मोठ्यानं! माझी आई बिचारी उभी राहून म्हणते, "अहो, खरंच की, मीच करते ती!" तर अजून हसले. "आंटी पण भारी आहेत!" पप्पांच्या डोळ्यांत पाणी. "माझी पोरगी बोलली! माइकवर बोलली!" आणि दादा... दादा पण हसला. असा हसला की मी माइक खाली ठेवला.

फेब्रुवारीत गेला बंगळूरला. आता रविवारी फोन करतो, आईशी चार मिनिटं, पप्पांशी दोन, मग मला, "अमू, डबा पाठव. बुधवारच्या आत." सुपारी भरताना डब्याच्या तळाशी मी एक चिठ्ठी घालते. काही विशेष नाही. आज मॅनेजर आला होता, बाजूला बसून राहिला. इंटर्ननं एक पळवली, मी पळवू दिली... असलं. त्यानं वाचली का, ते फोनवर विचारायचं राहूनच जातं.

परवा कुरियरच्या दुकानात गेले. तिथला विक्कीभाऊ डबा उचलून बघतो, हलवून बघतो, वास घेतो, फॉर्म वाचतो. "आवळासुपारी? दर आठवड्याला? पावशेर? सुपारीपेक्षा कुरियर महाग पडतंय. बंगळूरला आवळे मिळत न्हाईत व्हय?" मग काउंटरवर वाकला, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "ताई, आपल्यातच राहील. खरं सांग, आत काय हाय?"

आता तुम्हीच सांगा, काय सांगायचं?

मी काही बोलले नाही.