दुसऱ्या बसमधली दोघं

बायको: अहो, पण यातलं एकही माणूस काल आपल्या विमानात नव्हतं.

नवरा: विमानात सगळे झोपले होते. झोपलेली माणसं जागी झाली की वेगळी दिसतात.

बायको: उंचीसुद्धा वाढते का? समोरच्या बाईंचं डोकं छताला टेकलंय. आणि हा गाइड कुठल्या भाषेत बोलतोय? आपला टूर लीडर नाश्त्याला मराठीत ओरडत होता.

नवरा: इथल्या भाषेत बोलतोय. एवढ्या लांब येऊन मराठीच ऐकायचं तर घरी काय वाईट होतं?

बायको: तुम्हाला कळतंय?

नवरा: सगळे हसले की हसतो. तीनदा बरोबर आलं. एकदा एकटाच हसलो. तेव्हा तो बहुतेक त्या पुतळ्याखाली किती माणसं पुरलीत ते सांगत होता.

बायको: आपण चुकीच्या बसमध्ये बसलोय.

नवरा: हो.

बायको: हो काय? तुम्हाला माहीत होतं?

नवरा: हॉटेलच्या दारात दोन बस होत्या. आपल्या लीडरच्या हातात केशरी छत्री, याच्या हातात निळी. मी निळीच्या मागे गेलो, तू माझ्या मागे आलीस. लग्न झाल्यापासूनची सवय तुझी, त्याला मी काय करू?

बायको: पण का?

नवरा: नाश्त्याला काय म्हणाला तो? बस सुटली की ओळख परेड. एकेकाने माइक घ्यायचा. नाव, कामधंदा, मुलं किती, मुलं काय करतात. मग टाळ्या. मी ऑम्लेट अर्धं टाकून उठलो.

बायको: मला सांगायचं होतंत. मी घेतला असता माइक.

नवरा: आणि काय म्हणाली असतीस?

बायको: जे आहे ते. आम्हाला एक मुलगा होता. सव्वीस वर्षांचा. नऊ महिन्यांपूर्वी गेला.

नवरा: मग टाळ्या.

बायको: नसत्या वाजवल्या कुणी.

नवरा: दहा माणसं आहेत. एखादा वाजवतोच, हाताच्या ओघात. आणि पुढचे अकरा दिवस प्रत्येक धबधब्यापाशी कुणीतरी तुझ्या खांद्यावर हात ठेवणार. इथे बघ. समोरच्या बाईंनी तुला पेपरमिंटची गोळी दिली. नुसती गोळी. सोबत सांत्वन नाही.

बायको: तो गेला हे तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. ऑफिसात काय सांगितलंत तेही कळलंय मला.

नवरा: काय सांगितलं?

बायको: त्याची लांब बदली झाली म्हणून. तुमचे हेडक्लार्क आले होते घरी. विचारत होते, नव्या गावची हवा मानवली का त्याला.

नवरा: मग तू काय म्हणालीस?

बायको: चहा टाकला.

(बायकोच्या पर्समध्ये फोन वाजू लागतो.)

नवरा: ही रिंग...

बायको: थांबा, बंद करते.

नवरा: हा त्याचा फोन आहे.

बायको: रोज चार्ज करते. बाकी काही नाही. नुसता चार्ज करते.

नवरा: आणि इथवर घेऊन आलीस?

बायको: घरी एकटा कसा ठेवणार? तुमच्या फोनला परदेशाचं पॅक नको म्हणालात, कोण करणारेय आपल्याला फोन, म्हणालात. मग मी याला टाकून घेतलं.

नवरा: पण करतंय कोण?

बायको: टूर लीडर. बॅगेच्या चिठ्ठीवर त्याचा हाच नंबर छापलाय. पण त्याला या फोनचा नंबर कुणी दिला?

नवरा: फॉर्मवर एक रकाना होता. अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं.

बायको: आणि तुम्ही याचा लिहिलात?

नवरा: रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता.

बायको: माझ्या भावाचा लिहायचा. ही सहल त्यानेच गळ्यात मारली ना, हवापालट हवापालट करून!

नवरा: तुझ्या भावाचा पाठ नाही. पाठ एकच नंबर आहे.

बायको: उचला. सगळे वळून बघताहेत. गाइडसुद्धा थांबलाय.

नवरा: हॅलो.

टूर लीडर: नमस्कार सर! दचकू नका, आधी एक लांब श्वास घ्या. घेतलात? तुमचे आईबाबा हरवलेत.

नवरा: आईबाबा?

टूर लीडर: चूक माझी. मी डोकी मोजली, बारा भरली, निघालो. आता माइक मागच्या सीटवर गेला तर तिथे परके दोघं! मराठीचा गंध नाही. माणसं गोड आहेत, नाव विचारलं तर गाणं म्हटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

नवरा: वाजवल्यात ना.

टूर लीडर: बाबांचा फोन लागत नाही. तुम्ही मुलगाच बोलताय ना?

नवरा: हो.

टूर लीडर: आवाज थेट बाबांचा आहे हो.

नवरा: म्हणतात सगळे.

टूर लीडर: एक विचारू? बाबा कालपासून गप्प गप्प होते. तब्येतीचं काही?

नवरा: तसं काही नाही. त्यांना माझी सवय आहे. मी नसलो की ते असं करतात. लोकांच्या बसमध्ये जाऊन बसतात.

टूर लीडर: मग तुम्ही सोबत यायला हवं होतं, सर.

नवरा: हो. यायला हवं होतं. ठेवतो.

बायको: काय केलंत हे?

नवरा: मुलगाच ना, म्हणाला. नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. आणि बोलत होतो तेवढा वेळ... होता गं तो.

बायको: आणि मी? मी शेजारी बसून ऐकत होते. घरी मी रडायला लागले की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. नऊ महिन्यांत सगळ्या मालिका मला तोंडपाठ झाल्यात.

नवरा: हळू बोल.

बायको: का? कुणाला कळणारेय इथे? म्हणूनच आणलंत ना या बसमध्ये? बघा, परत वाजतोय. द्या इकडे. मी सांगते त्याला. एकदाचं होऊन जाऊ दे.

नवरा: सांग.

बायको: हॅलो. मी त्याची आई बोलतेय.

टूर लीडर: काकू! सापडलात! थांबा, थांबा. फोन मुलाचा आणि बोलताय तुम्ही. म्हणजे तोही इथेच आलाय? मला पत्ताच नाही! आईबाबांना सरप्राइज दिलं ना त्याने?

बायको: ऐका, तो...

टूर लीडर: मंडळी, काकूंचा मुलगा पाठोपाठ आलाय! काकू, अख्खी बस टाळ्या वाजवतेय. ते परके दोघंसुद्धा.

बायको: ऐकू येतंय.

टूर लीडर: पुढच्या थांब्यावर उतरा, माणसांची अदलाबदल करून टाकू. द्या ना त्याला जरा.

बायको: तो आत्ता... इथे नाहीये.

टूर लीडर: काही हरकत नाही. हॉटेलला तेवढं कळवतो. तुमच्याच खोलीत तिसरा बेड टाकायला सांगू ना?

नवरा: खरं काय ते सांग त्याला. अगं, सांग आता.

टूर लीडर: काकू? ऐकताय ना? सांगू बेडचं?

बायको: सांगा. भिंतीकडे नको म्हणावं, खिडकीपाशी टाका.