गुहेतलं सूत

दोन हजार तेवीस साल, ऐन थंडी. पोरांनी आम्हा दोघा व्याह्यांना बायकांसकट सुरतहून मेघालयात फिरायला नेलं. आम्हा दोघांचा जन्म सुरतच्या उधन्यात लूमवर कापड विणण्यात गेलेला. मेघालयात एका चुनखडीच्या डोंगरात गुहा होती. गाइडबाई यायच्या होत्या.

मी म्हणालो, "गाइड कशाला? बॉबिन आहे माझ्याकडे."

सुताचं टोक गुहेबाहेर झाडाला बांधलं आणि सूत सोडत आत शिरलो. व्याही मागून.

आत फाट्याला फाटे. बॉबिन संपली तसा वळलो.

"व्याही, सूत कुठंय?"

त्यांनी हातातला गुंडा दाखवला. "हे काय. चांगलं सूत पायाखाली बघवेना. तोडून गुंडाळत आलो."

तेवढ्यात माझ्या हातातली बॅटरी विझली. अंधारात दोघं राम राम म्हणत बसलो. शेवटी गाइडबाईंनी शोधून हाताला धरून बाहेर काढलं.

बाहेर माझी बायको कडाडली, "गाइडशिवाय जायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मी बोलायच्या आत व्याही म्हणाले, "माझ्या."

विहीणबाईंनी झाडाला उरलेल्या सुताच्या तुकड्याकडे बोट केलं. "आणि ते सूत कुणी तोडलं?"

व्याह्यांनी मान खाली घातली.

मी म्हणालो, "मी."