शनिवारचं तेल

(जालन्यातलं मस्तगड, १९७४. घराच्या पुढच्या खोलीत काकासाहेबांचा लोखंडकामाचा कारखाना. शनिवारची दुपार.)

काकासाहेब : शी! बघवत न्हाई मला. पुन्हा आटे पाडायचा टॅप मोडला?

कौसल्या : मोडला, मामंजी. अर्धा हातात, अर्धा दांड्याच्या भोकात.

काकासाहेब : आटे पाडायला बसल्ती का मिरच्या कुटायला? महिन्यात तिसरा! साहेबरावच्या कडबाकुट्टीचा दांडा आहे तो. चारच्या यष्टीनं जाफराबादला न्यायचाय त्याला. त्याच्या हातात काय हा किडका दात देऊ?

कौसल्या : मी काढते तुकडा.

काकासाहेब : काढशील! दांड्यापेक्षा टॅप कडक असतो, भोक पाडून निघायचा न्हाई. माझे हात कापतात, पोरगा धर्मराज परतूरला कापसाच्या जिनात कामाला गेला, म्हणून म्हटलं सून सांभाळेल. आता बस झालं. उद्यापासून ह्या बाकड्याला हात लावायचा न्हाई. अन् तो तुकडा खिडकीत ठेव, आधीच्या दोन तुकड्यांशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

कौसल्या : त्या खिडकीचीच शिसारी येते मला. तुमचे मोडके तुकडे झाकणाच्या डब्यात, अन् माझे उघड्यावर. गिऱ्हाईक दात काढून विचारतं, 'हे सूनबाईंचं का?'

काकासाहेब : मंग मोडायचे न्हाईत. काय शिकवलं होतं म्या?

कौसल्या : अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं.

काकासाहेब : अन् तू नुसती पुढं रेटत गेलीस.

कौसल्या : न्हाई. दर फेऱ्याला मागं घेतला. बघा हा चुरा.

काकासाहेब : आण इकडं. ...अगं, हा तर कोरडा ठणठणीत! बोटाला तेलाचा थेंब लागंना. बिनतेलाचं पिळत होतीस लोखंड? थू! बैलालाबी असं कुणी बिनपाण्याचं राबवत न्हाई.

कौसल्या : कुप्पी रिकामी होती.

काकासाहेब : मंग मागायचं की.

कौसल्या : कुणाला? आज शनिवार. शनिवारी उंबऱ्याच्या आत तेल आणायचं न्हाई, हा तुमचाच नेम. मागं सासूबाईंनी पावशेर आणलं, तर बाटली रात्रभर ओट्यावर ठेवायला लावलीत.

काकासाहेब : पण काल दिवेलागणीला म्या कुप्पी भरलेली पाह्यली. गेलं कुठं तेल?

चांगुणाबाई : (आतून येत) अहो, सारी गल्ली ऐकून राह्यली. तेल कुठं गेलं ते मला विचारा, तुमच्या बायकोला. सकाळी घरातली बाटली सरल्ती. मारुती कोरडा राहू नये म्हणून तुम्हीच कुप्पी उचलली, अन् देवळात उपडी करून आलात.

काकासाहेब : म्या?

चांगुणाबाई : रुईच्या माळेसंगट. 'अहो, कारखान्यातलं आहे,' म्हटलं मी. तर म्हणालात, 'करडीचंच आहे, देवाला चालतं.'

काकासाहेब : ...थू. सकाळची गोष्ट. अन् मघापासून हिच्यावर तोंड टाकून राह्यलो. आता ह्या तोंडाचीच किळस आली. सूनबाई, तू तवाच का न्हाई बोललीस?

कौसल्या : यष्टीची वेळ होत आल्ती. शनिवारी तेलाचं नाव काढायची भीती वाटली. म्हटलं, चार आटे कोरडेच पडतील. थांबायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं.

काकासाहेब : मोडायच्या आधी टॅप बोलतो. ऐकलंस?

कौसल्या : करकरला. मी दात आवळले अन् फिरवला.

काकासाहेब : बराबर. म्याबी असेच मोडलेत. आता जल्दी करू नको. बारीक पंच घे, हलकी हातोडी. तुकड्याला उलट्या अंगानं टिचक्या मार.

चांगुणाबाई : अन् तेल? समईतलं घे गं, कौसल्या. बसतील देव घटकाभर अंधारात. मारुती तर सकाळीच न्हाऊनमाखून बसलाय.

कौसल्या : चालंल, मामंजी?

काकासाहेब : ओत.

कौसल्या : ...हलला. आणखी एक टिचकी... निघाला, मामंजी! वरचा एक आटा खरचटलाय, बाकी भोक साफ आहे. दुसरा टॅप कोण फिरवतं?

काकासाहेब : माझे हात बघितलेस ना? तूच फिरव. अर्धा पुढं, पाव मागं. अन् करकरला की थांब, मंग दारात साहेबराव असो का त्याची यष्टी.

कौसल्या : बरं. हा तुकडा ठेवते खिडकीत.

काकासाहेब : डब्यात टाक. माझ्या.