किरकिर वेगळी, पारख वेगळी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे प्रमुख माननीय आनंदराव आबा, व्यासपीठावर विराजमान झालेले मुख्याध्यापक आणि पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या आपल्या इंग्रजीच्या शिक्षिका आदरणीय हन्ना साळवे बाई, त्यांच्यासोबत शिरूरहून आलेले त्यांचे यजमान याकोब साहेब, माझे सहकारी, न्हावरे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आलेले पालक, आणि मघापासून भेळेच्या पातेल्याकडे लक्ष ठेवून असलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

मी अंकिता. विज्ञान शिकवते. दौंडहून रोज चौफुल्याला एसटी बदलून येते, त्यामुळे धापा टाकत बोलायची मला सवय आहे. आज सावकाश बोलणार आहे.

आतापर्यंतच्या वक्त्यांनी बाईंना प्रेमळ म्हटलं, मायाळू म्हटलं. एकानं तर माउलीही म्हटलं. तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला. बाईंना शब्द चुकलेला दिसला की त्या चष्मा पुसतात, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगते आणि विशेषणं मोजकी वापरते.

आपल्या शाळेची एक जुनी रीत आहे. शिक्षणसेवक म्हणून मुदत भरत आली की कायम होण्याआधी समितीसमोर एक पाठ घ्यायचा. मागच्या बाकांवर समिती आणि सारा स्टाफ बसतो. पाठ संपला की प्रत्येकानं त्यात किमान एक खोट काढायची. ज्याला खोट सापडली नाही त्याचं लक्षच नव्हतं, असं आबांचं मत. आणि प्रत्येकानं खोट काढल्याशिवाय चहा येत नाही. आबा, रागावू नका, रीत तुमची आहे, मी फक्त सांगते आहे.

या रीतीची दुसरी बाजू अशी, की सगळ्यांचं खोट काढून झाल्यावर उमेदवार हमखास पास होतो. लग्नात जेवणाला यथेच्छ नावं ठेवून झाल्यावर आपण आहेर देऊनच घरी येतो ना? तसंच.

काही वर्षांपूर्वी माझी पाळी आली. आठवीचा वर्ग, पाणी उकळण्याचा पाठ. दौंडची एक नोकरी सोडून मी इथं आले होते. इथं कायम झाले नसते तर घरी बसणं एवढंच उरलं असतं. आईनं सकाळी दही-साखर हातावर ठेवली होती.

पाठ झाला. चित्रकलेचे रोहिदास सर म्हणाले, फळ्यावरची ओळ उजवीकडं वर चढत गेली, स्पिरिटच्या दिव्याखालचं फडकं मळकं होतं आणि मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. स्टाफमधल्याच नीलमताई म्हणाल्या, "हल्लीच्या मुलींना शिकवायची तळमळच नाही. पगारापुरतं येतात." मी आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर थांबून तो प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला होता, पण ते सांगायची सोय नव्हती. मग आबा उठले.

"तुमी म्हनला, पानी शंभर अंशाला उकळतं. मग म्हाबळेश्वरला कितीला उकळतं?"

मी म्हटलं, शंभरापेक्षा थोडं कमी.

"थोडं म्हंजी किती?" असं विचारून आबा उत्तराची वाट न पाहता खाली बसले. मागच्या रांगेत हशा पिकला.

शेवटी आबा म्हणाले, "आता हन्नाबाई, तुमी बोला. तुमचं झालं का चहा घिऊ."

बाई उठल्या. त्यांनी आधी सगळ्यांना शब्द वाटले. शांतपणे, वर्गात शिकवतात तसेच. "रोहिदास सर, तुमचं सगळं खरं आहे. पण फडकं, घड्याळ, फळ्यावरची ओळ, अशी एकामागून एक बारकी खुसपटं काढत राहणं, याला इंग्रजीत कार्पिंग म्हणतात. आपण किरकिर म्हणू. नीलमताई, तुम्ही पाठाबद्दल बोललाच नाहीत, थेट माणसाला दोषी ठरवलंत. ते सेन्सोरियस. त्यात न्यायाधीश आधीच खुर्चीत बसलेला असतो. आबा, तुमचा प्रश्न चांगला होता, पण तुम्हाला उत्तर नको होतं, समोरच्याला अडकवायचं होतं. त्याला कॅप्शस म्हणतात. आणि ही आपली प्रत्येकानं एक खोट काढायची रीत, तिचं नाव सरळ फॉल्ट-फाइंडिंग. दोष शोधायलाच निघालं की दोषच सापडतात."

मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वाटलं, बाई माझ्या बाजूच्या!

"क्रिटिकल हा शब्द या सगळ्यांहून वेगळा," बाई पुढं म्हणाल्या. "त्यात पारख आहे. चांगलं आणि वाईट दोन्ही तोलून पाहायचं, आणि मग निकाल द्यायचा. या मॅडमनी दिवा पेटवण्याआधी मुलांना किती लांब उभं राहायचं ते आखून दिलं. प्रयोग नीट दिसला. समजावणं स्वच्छ होतं. हे चांगलं. आता दुसरी बाजू. त्यांनी विचारलं, पाणी उकळताना बुडबुड्यांत काय असतं? मोनाली म्हणाली, हवा. मॅडम म्हणाल्या, चूक, बस खाली, आणि शेजारच्या मुलाकडून वाफ हे उत्तर काढून घेतलं. मोनालीला हवा का वाटली, हे विचारलं नाही. त्यानंतर त्या मुलीनं तोंड उघडलं नाही. आपल्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नाही, कारण आपण फडकं बघत होतो."

आबा म्हणाले, "बरं बरं. म्हंजी पास करू ना?"

"नाही आबा. आज नको. पुढच्या आठवड्यात याच वर्गावर त्यांना पुन्हा पाठ घेऊ द्या."

श्रोतेहो, आपल्या शाळेत कुणी नापास झाल्याची ती पहिलीच वेळ. किरकिर करणारे मला पास करायला तयार होते, आणि माझं कौतुक करणाऱ्या बाईंनी मला अडवलं! मला त्यांचा भयंकर राग आला. एसटीत बसून मी रडले. खिडकीकडं तोंड करून, पण चांगली हुंदके देऊन रडले.

पुढच्या आठवड्यात मी मोनालीसमोर उभी राहिले. म्हटलं, "तू त्या दिवशी हवा म्हणालीस. का बरं?" ती उठेना. मी थांबले. वर्गात शांतता असली की शिक्षकाला काहीतरी बोलून ती भरून टाकावीशी वाटते. मी ती भरली नाही. अखेर ती उठली.

"बाई, चुलीवर पानी ठिवलं का उकळायच्या आदीच भांड्याच्या बुडाला बारीक बारीक बुडबुडं येत्यात. तवा पानी नुसतं कोमट आसतं. मग वाफ कुठनं आली?"

मोनाली बरोबर होती. ते आधीचे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचेच असतात, वाफेचे मोठे बुडबुडे नंतर येतात. माझा प्रश्नच अर्धवट होता. मी तसं वर्गाला सांगितलं, मोनालीनंच पुढं येऊन दिवा धरला, आणि मग तास कधी संपला ते मला कळलंच नाही.

समिती बसली. रोहिदास सर म्हणाले, ओळ अजून वर चढते. ती आजही चढते, सर. बाई एवढंच म्हणाल्या, "पास." मला मिठी मारली नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांना बसची घाई होती.

आज मोनाली नर्सिंगला आहे आणि मी या शाळेत कायम आहे. कुणाचं उत्तर चुकलं की माझ्या तोंडात आधी "चूक" येतं, आणि मग मी थांबते. ते थांबणं बाईंचं आहे.

तर मग बाईंना कोणतं विशेषण लावू? प्रेमळ? ते खोटं नाही, पण अपुरं आहे. बाई, उद्यापासून मला नावं ठेवणारे या शाळेत पुष्कळ असतील, आणि गोड बोलून मला पास करणारेही असतील. मला नापास करणारं मात्र कुणी नसेल. मला त्याची भीती वाटते. तुम्ही जाऊ नये असं वाटतं.

बोलण्याची संधी दिल्याबद्दल समितीचे, आणि रीतीवर बोलले तरी हसत ऐकून घेतल्याबद्दल आबांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर आपण सर्वांनी मोठ्या मनानं पोटात घालावं. बाई, तुम्ही मात्र घालू नका. जेवणं झाली की मला बाजूला घ्या आणि सांगा.